हौस, धंदा आणि प्रतिष्ठा : मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सहभागाचा प्रश्न

अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे ‘मराठी रंगभूमि’ हे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले. मराठी नाटकाच्या इतिहासलेखनाचा आरंभ या पुस्तकापासून मानण्याचा प्रघात आहे. त्याची मांडणी आजच्या अभ्यासकाला काहीशी विस्कळीत वाटते. परंतु एका दृष्टीने ती लक्षणीय आहे. या इतिहासाचे मूळ एकक नाटककार नाही, नाटकही नाही. नाटक मंडळी हे आहे. मंडळी कोणी काढली, तीत कोण पात्रे होती, तिचा लौकिक कशामुळे झाला व कशामुळे ओसरला, अशा हकीकतींमधून हा इतिहास उभा राहतो. पुढे हे एकक बदलले. श्री. ना. बनहट्टी यांच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ या १९५७ सालच्या ग्रंथाने साधनांची शिस्त आणली, सनावळ्या पारखून घेतल्या आणि या विषयाला विद्याशाखेचा दर्जा मिळवून दिला. विद्यापीठीय अभ्यासात मात्र रंगभूमीचा इतिहास हळूहळू नाट्यवाङ्मयाचा इतिहास होत गेला. भावे, किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, वरेरकर, अत्रे, रांगणेकर, तेंडुलकर ही नाममालिका म्हणजेच मराठी रंगभूमी, असे समीकरण रूढ झाले. याचे कारण उघड आहे. छापील संहिता टिकते, ग्रंथालयात मिळते, परीक्षेला लावता येते. प्रयोग विरून जातो.

या बदलात एक प्रश्न हातातून निसटला. रंगभूमीवर उभे राहण्याची मुभा कोणाला होती, आणि त्या उभे राहण्याला समाज कोणते नाव देत होता? एकाच कृतीला एका ठिकाणी ‘हौस’ म्हटले जाते, दुसऱ्या ठिकाणी ‘धंदा’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘चळवळ’. हा नामभेद पैशाच्या देवघेवीवरून ठरतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मराठी रंगभूमीचा व्यवहार पाहिला तर तसे दिसत नाही. पैसा हा त्यातील एक घटक आहे. निर्णायक घटक प्रतिष्ठेचा आहे, आणि प्रतिष्ठा ही जात, शिक्षण व लिंगभाव यांच्या वाटणीप्रमाणे वाट्याला येते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. तिथे हौसही नव्हती आणि धंदाही नव्हता. दरबारची सेवा होती. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले, आश्रय सुटला आणि मंडळीला चरितार्थासाठी गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मराठी नाटक व्यवसायाकडे वळले ते कोणाच्या व्यापारी बुद्धीमुळे नव्हे, राजाश्रय तुटल्यामुळे. ही गोष्ट एवढ्यासाठी ध्यानात घ्यावयाची की पुढच्या काळात ‘धंदेवाईक’ या शब्दाला जो हीनतेचा वास चिकटला, तो या आरंभाला न्याय देणारा नाही.

भाव्यांच्या नाटकाचे तंत्रही सहभागाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पदे सूत्रधार म्हणे. पात्रांनी प्रसंगानुसार आपली भाषणे उत्स्फूर्तपणे करावयाची असत. १८८५ साली निघालेल्या भाव्यांच्या ‘नाट्यकवितासंग्रहा’त ही पदे आहेत. पात्रे जे बोलली ते कोठेच नाही. मराठी नाटकाच्या पहिल्या पर्वाचा जो लेखी पुरावा आज हाती आहे, तो असा एकाच भागीदाराचा आहे. नटांचा वाटा त्यांच्याबरोबर गेला, आणि समीक्षेने उरलेल्या अर्ध्यालाच पूर्ण मानून त्याचे मूल्यमापन केले. भाव्यांच्या नाटकांना वाङ्मयीन गुण कमी, हा वारंवार दिला गेलेला निवाडा त्या अर्ध्यावरचा आहे.

१८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि पूर्वलिखित, छापील नाटकाचे युग सुरू झाले. अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणत. हा शब्द थोडा थट्टेचा, थोडा आदराचा होता. पुस्तकातले संवाद जसेच्या तसे पाठ करावयाचे म्हटल्यावर साक्षरता ही रंगभूमीवरील प्रवेशाची एक अट होऊन बसली. तालमीत ऐकून ऐकून नक्कल पाठ करणारी मुले मंडळ्यांमध्ये पुढेही होती, परंतु प्रतिष्ठेचा कल पदवीधरांकडे झुकला. पुण्याची आर्योद्धारक नाटक मंडळी ही शिकलेल्या तरुणांची होती. गोविंद बल्लाळ देवलांचे नाट्यशिक्षण तिथे झाले. या मंडळींनी नाटक करणे हा अभिरुचीच्या सुधारणेचा भाग मानला. ‘नाटक्या’ ही शिवी ज्या समाजात होती, त्याच समाजात शिकलेल्या माणसाने नाटक केले तर त्याला छंद म्हटले जाऊ लागले.

याच काळातील दुसरी एक संहिता या संदर्भात आठवणे अगत्याचे आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापले गेले १९७९ मध्ये. शूद्र शेतकरी जोडपे, त्यांना नाडणारा जोशी, पाद्री आणि दोन्हीकडे भाष्य करीत हिंडणारा विदूषक, अशी या नाटकाची योजना आहे. शेवटी ते जोडपे शाळेत जावयास निघते. कीर्तन्यांच्या नाटकाआधी सहा वर्षे लिहिलेल्या या नाटकाला स्वतंत्र मराठी नाटकाचे पहिलेपण द्यावे की नाही, यावर बरीच शाई खर्च झाली. पहिलेपणाचा हा वाद फारसा फलदायी नाही. अधिक विचारणीय बाब अशी की १८५५ मध्ये हे नाटक उभे करील अशी मंडळी अस्तित्वातच नव्हती. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांच्या हाती रंगभूमी नव्हती; ज्यांच्या हाती रंगभूमी होती, त्यांच्या दृष्टीने ते नाटकच नव्हते. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी ही उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढली. १९५५ मध्ये म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी केले, तेव्हा शंभर वर्षांनी या नाट्यविचाराला त्याचे नट मिळाले, असे म्हणता येईल.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात प्रथम झाले, त्या वेळी ते सरकारी नोकरीत होते. आजच्या परिभाषेत तो हौशी प्रयोगच होता. दोनतीन वर्षांत त्याची व्यावसायिक मंडळी झाली, बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर येऊन दाखल झाले, ‘सौभद्रा’ने कळस चढविला. हा प्रवास सर्वज्ञात असल्याने त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. येथे इतकेच नोंदवावयाचे की कारकुनाच्या हौसेचे रूपांतर धंद्यात झाले तरी त्याची प्रतिष्ठा पूर्णपणे गेली नाही. किर्लोस्कर मंडळीने आपल्याबरोबर सुशिक्षित घराचा उंबरठा रंगभूमीवर आणला. तो उंबरठा आत आल्यामुळे जे बाहेर राहिले, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे.

संगीत नाटकाला लागणारी कला कोणाकडे होती? १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि त्या घरोघर झाल्या. हा ढंग ज्या बैठकींत घडला व जपला गेला, त्या बैठकी प्रामुख्याने गाणाऱ्या स्त्रियांच्या होत्या. त्यांची गायकी रंगमंचावर आली; त्या स्वतः आल्या नाहीत. त्यांच्या जागी स्त्रीवेषातील पुरुष उभा राहिला. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांच्या अभिनयाबद्दल जे लिहिले गेले, त्यात त्यांनी कुलीन स्त्रीला चालण्या-बोलण्याचा, नेसण्याचा आदर्श घालून दिला, हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. बालगंधर्वांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु कुलीन स्त्रीचा आदर्श पुरुषाने दाखवावा, आणि त्या आदर्शाचा सूर ज्यांच्याकडून आला त्यांनी प्रेक्षागृहातही बिचकत बसावे, ही व्यवस्था सौंदर्यशास्त्राने उलगडणारी नाही.

हिराबाई पेडणेकर यांचे उदाहरण या ठिकाणी कळीचे ठरते. सावंतवाडीच्या कलावंत घराण्यात जन्मलेल्या या लेखिकेने १९०४ मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. त्यांचे ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्श मंडळीने १९१२ मध्ये रंगमंचावर आणले. स्त्रीने लिहिलेले नाटक एका नामांकित पुरुष मंडळीने करावे, ही घटना लहान नव्हती. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात तिला किती ओळी मिळतात? दुसरीकडे गिरिजाबाई केळकर यांनी खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ या १९०७ च्या नाटकाला १९१३ मध्ये ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिले, त्याचा उल्लेख स्त्रियांच्या वैचारिक जागृतीची खूण म्हणून आवर्जून होतो. दोघींच्या लेखनगुणांची तुलना हा वेगळा विषय आहे. एकीच्या लेखनाला सामाजिक पत्ता होता आणि दुसरीचा पत्ता उच्चारणे शिष्टसंमत नव्हते, एवढाच भेद येथे प्रस्तुत आहे. हिराबाई मराठी वाचकाच्या स्मरणात पुन्हा आल्या त्या बऱ्याच अंशी वसंत कानेटकर यांच्या ‘कस्तुरीमृग’ या नाटकाचा विषय म्हणून. नाटककार म्हणून ज्यांचे नाव पुसट झाले, त्यांना पात्र म्हणून प्रवेश मिळाला.

‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी मुंबईत झाले. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी केलेले हे रूपांतर, के. नारायण काळे यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत, वास्तव नेपथ्य, मोजकी गाणी आणि स्त्रीभूमिकांत ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक, या सर्वांमुळे नाट्यमन्वंतर या अल्पायुषी संस्थेचे नाव आधुनिकतेच्या आरंभाशी कायमचे जोडले गेले. ते योग्यच आहे. पण या प्रयोगाच्या गौरवात एक विधान सवयीने येते : स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची प्रथा येथून सुरू झाली. हे विधान जसेच्या तसे टिकणारे नाही. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा स्त्रियांच्याच नाटक मंडळ्या त्याआधी गावोगाव फिरत होत्या आणि त्यांतील स्त्रिया पुरुषभूमिकाही करीत. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात आई दुर्गाबाई कामत यांच्यासह काम केलेल्या कमलाबाई गोखले पुढे पती रघुनाथराव यांच्याबरोबर चित्ताकर्षक नाटक मंडळीत नायिका झाल्या. १९३० च्या आसपास हिराबाई बडोदेकर यांनी भावंडांसह काढलेल्या मंडळीत स्त्री-पुरुष एकत्र काम करीत होते. तेव्हा १९३३ मध्ये स्त्री प्रथम रंगभूमीवर आली, असे नव्हे. शिष्ट समाजाने आपले म्हणून तिचे स्वागत केले, ते त्या वेळी.

या स्वागताची घडणही बारकाईने पाहिली पाहिजे. पद्माबाई या नाटककाराच्या पत्नी. ज्योत्स्नाबाई संगीतकाराच्या पत्नी. गायनाची परंपरा असलेल्या गोव्यातील केळेकर घराण्यातून त्या आल्या होत्या. संस्थेचे सभासद, त्यांचे स्नेही, त्यांच्या घरातील स्त्रिया, अशा वर्तुळात तालमी झाल्या. घराची भिंत रंगमंचापर्यंत नेऊन, त्या भिंतीच्या आत स्त्रीने अभिनय करावा, असा हा मार्ग होता. तोपर्यंत बोलपट आला होता आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे यांनी तारामती केली होती, त्या धक्क्यानेही दार थोडे किलकिले झाले होते. ‘हौशी’ या शब्दाचा खरा उपयोग येथे ध्यानात येतो. हा शब्द स्त्रीला एक संरक्षण देतो : ही पैशासाठी आलेली नाही. आणि ज्या क्षणी तो एकीला संरक्षण देतो, त्या क्षणी दुसरीला उघडे पाडतो.

दुसरी कोण, हे पाहण्यासाठी मध्यमवर्गीय संस्थांच्या बाहेर पडावे लागते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांनी वर्गणी काढून, चाळीच्या खोलीत पाळ्या सांभाळून तालमी करून, परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नाटके केली. या कामगार रंगभूमीची हौस अस्सल होती. पदरचे पैसे घालून माणसे रंगमंचावर उभी राहत. या सर्व पदरमोडीत एका व्यक्तीला मात्र पैसे मिळत. ती म्हणजे बाहेरून बोलाविलेली नटी. तिची ‘नाइट’ ठरलेली असे. ती शेवटच्या एकदोन तालमींना येई, वेगवेगळ्या मंडळांत वेगवेगळ्या नायिका करी. तिला कदाचित साऱ्या नटसंचापेक्षा अधिक नाटके तोंडपाठ असत. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत धान निघाल्यावर, शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव जी नाटके होत आली, तीतही गावचा तरुण हौशी आणि बाहेरगावाहून येणारी नटी मोबदला घेणारी, अशी वाटणी दीर्घकाळ दिसते. एकाच रंगमंचावर, एकाच प्रवेशात, समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक हौशी व एक धंदेवाईक. प्रयोगाची गणना मात्र हौशी म्हणूनच होणार. म्हणजे वर्गीकरणासाठी तिचा सहभाग हिशेबात धरलेलाच नाही.

१९५४ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केली आणि ‘हौशी’ ही संज्ञा शासनमान्य झाली. या स्पर्धेने मराठी रंगभूमीला जे दिले त्याचे मोल मोठे आहे. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, पोस्ट, शाळा, महाविद्यालये यांतील असंख्य माणसांनी संध्याकाळच्या तालमींतून रंगभूमीचे शिक्षण घेतले. जिल्ह्याच्या गावी नवे नाटक पोहोचले ते बहुधा याच वाटेने. मात्र त्यामागील आर्थिक रचना स्पष्टपणे मांडलेली फारशी आढळत नाही. प्रायोगिक नाटकाचा खरा आश्रयदाता मासिक पगार होता. ज्याला नियमित नोकरी, ठराविक वेळ आणि मिळणारी रजा होती, तोच प्रयोगशील होऊ शकत होता. डॉ. श्रीराम लागू यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ नट होण्याचे ठरविले, ते धाडस म्हणून सांगितले जाते व ते धाडसच होते. परंतु तमासगीर किंवा दशावतारी नटाने आयुष्यभर पूर्णवेळ नट असण्याला हा शब्द कोणी वापरला नाही.

‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाकडे या बाजूने पाहिले तर त्याचे स्वरूप अधिक उलगडते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते स्पर्धेसाठी केले. दिग्दर्शक जब्बार पटेल व नानांच्या भूमिकेतील मोहन आगाशे हे दोघेही डॉक्टर. ब्राह्मणांची ओळ हाच पडदा, तीच भिंत, तोच जमाव, या योजनेचे रूपवादी विश्लेषण पुष्कळ झाले. ही योजना ज्या काळात कल्पिली गेली, त्या काळात व्यावसायिक निर्माता पात्रसंख्या हाताच्या बोटांवर मोजून घेई. कित्येक गाणारी-नाचणारी माणसे महिनोन्महिने बिनमोबदला तालमी करतील, हे गृहीत धरल्याशिवाय तो मानवी पडदा लिहिलाही गेला नसता. आशयाचे रूप येथे सहभागाच्या अटींतून निघाले आहे. आणि सहभागाच्या अटी बदलताच संस्था फुटली : एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले, ते करू इच्छिणारे बाहेर पडले आणि मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली. नाटक कोणाचे, हा प्रश्न लेखकाच्या हक्काचा नव्हता. ते उभे करणाऱ्यांच्या हक्काचा होता.

या साऱ्या प्रश्नाचे सर्वांत निर्दय निदान मराठी नाटकानेच केले आहे. १९६७ मध्ये रंगायनने स्पर्धेत केलेले तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे लग्नाबाहेरच्या मातृत्वाची शोकांतिका म्हणून वाचले जाते. ते हौशी रंगभूमीविषयीचे नाटकही आहे. विलेपार्ले येथे प्रयोगाला निघालेल्या एका हौशी संचाच्या गप्पांतून त्याचे बीज मिळाल्याचे तेंडुलकरांनी सांगितले आहे. नाटकातील मंडळी गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आली आहे. रात्रीचा आरोपी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रांचा. काशीकर समाजकार्यात मुरलेले, सुखात्मे न चालणारे वकील, पोंक्षे इंटरला अडकलेले, रोकडे काशीकरांच्या अन्नाचा मिंधा. यांतील प्रत्येकाला रंगमंच ती प्रतिष्ठा देतो, जी बाहेरच्या व्यवहाराने दिलेली नाही. आपापल्या कामात खरोखर यशस्वी असलेली आणि स्वतः मिळवून खाणारी व्यक्ती त्यांत एकच आहे, बेणारे. वेळ घालविण्यासाठी काढलेल्या खेळात आरोपी म्हणून तिची निवड होते, ती सहज. हौसेचे वर्तुळ घरगुती असते, म्हणून सुरक्षित असते, हे नाट्यमन्वंतरापासूनचे गृहीत येथे उलटले आहे. त्या घरगुतीपणातच ती सापडते.

गावकरी सामंत हा तर केवळ खोली उघडून द्यावयास आलेला माणूस. त्याला साक्षीदार करून घेतात आणि तो बिचारा हातातल्या कादंबरीवरून साक्ष देतो. ती खरी ठरत जाते. प्रेक्षकाला नाटकात ओढून घेण्याचा गौरव ज्या काळात सर्वत्र होऊ लागला होता, त्याच काळात तेंडुलकरांनी त्या सहभागाची ही दुसरी बाजू दाखवावी, हे मोठे मर्मज्ञ आहे. अखेरीस बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. तिचे ते दीर्घ स्वगत तेंडुलकरांनी आपण होऊन लिहिले नव्हते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले आणि सुलभा देशपांडे यांनी ते उभे केले. आज ते संहितेचा गाभा म्हणून शिकविले जाते. नाटकात मात्र ते कोणीच ऐकत नाही. भोवतीची माणसे त्या वेळी निश्चल आहेत. मग दाराशी गावकऱ्यांचे चेहरे दिसतात. खेळ सुरू झाला का, अशी ते चौकशी करतात. संचाची धांदल उडते, रंगरंगोटीची आठवण होते आणि सगळे आपापल्या तयारीला लागतात. बेणारे तशीच पडलेली आहे. सामंत परत फिरतो, जवळचा कापडी पोपट तिच्यापाशी ठेवतो आणि आत निघून जातो.